जावयाच्या शब्दावर चढलेलं टेबल

गजूचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात घराजवळच्या चक्कीवर दळणाची वाट बघत उभा होतो. चक्कीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून रस्त्यावर आलो. "भाऊजी, बाबा गेले," तो म्हणाला. गजू म्हणजे माझा मेहुणा, आणि बाबा म्हणजे माझे सासरे, सोनाळ्याचे शेषरावबापू. मी त्यांना मामाजी म्हणायचो. अशा वेळी काय विचारायचं याची एक रीत असते. कसं झालं, कधी झालं, सासूबाई कशा आहेत... मी यातलं काही विचारलं नाही. मी विचारलं, "वर होते का रे?" गजू म्हणाला, "नाई भाऊजी, खालीच होते. ओट्यावर. चहा पिऊन राह्यले होते." आणि मला हायसं वाटलं. सासरा गेल्याची बातमी कानावर पडताच हायसं वाटणारा जावई अख्ख्या वऱ्हाडात मी एकटाच असेन. दळण तसंच सोडून मी घरी आलो आणि सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगताना तो प्रश्न गाळून टाकला.

वर आणि खाली यात एवढं काय होतं, ते सांगायचं तर आधी सोनाळ्यातली माझी किंमत सांगितली पाहिजे. अकोल्याच्या घरात मी "पंखा लावा" म्हणालो तर "उठा आणि लावा" असं उत्तर येतं. सोनाळ्यात मात्र मी जावई. तिथं माझं बोलणं म्हणजे बोलणं नसतं, तो शब्द असतो. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, लोणचं छान झालंय. निघताना गाडीत बरणी आली, सोबत ज्यांच्या झाडाच्या कैऱ्या होत्या त्यांच्याकडची दुसरी बरणी आली. एकदा अंगणातल्या लिंबाकडं बघून म्हणालो, ही फांदी फार खाली आलीय. संध्याकाळी बाहेर आलो तर फांदी नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "जवायाच्या डोक्याले लागन म्हनून तोडली." यावरून मी शहाणं व्हायला हवं होतं. माझं तोंड सोनाळ्यात जरा बेतानं उघडायला हवं होतं. पण घरी ज्याचं कोणी ऐकत नाही, त्याला ऐकणारी माणसं भेटली की तो जास्तच बोलतो.

मामाजी पूर्वी जळगाव जामोदच्या वाटेवरच्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या गाड्या यायच्या, त्यांची नोंद ठेवायची, असं ते काम. पुढं जिन बंद पडली. मालकानं सामान विकायला काढलं आणि जुन्या माणसाला काहीतरी द्यावं म्हणून विचारलं, शेषराव, काय पाहिजे? मामाजींनी आपलं टेबल मागितलं. सागवानी, दोन्ही बाजूंना खणांचं, वर हिरवं रेक्झिन ठोकलेलं, असं ते दांडगं टेबल बैलगाडीतून सोनाळ्यात आलं आणि बैठकीच्या दाराशी रस्त्याकडं तोंड करून बसलं. त्यामागं मामाजी. समोर एक बाकडं. रस्त्यानं जाणारा माणूस मामाजींना दिसायचा आणि मामाजी त्याला. "ये नं बे, बस," एवढं म्हटलं की बाकड्यावर चप्पल काढून माणूस बसलाच.

आणि तिथं काम काय चालायचं? तर लग्नपत्रिकेतली नावं बघण्याचं. आमच्या भागातल्या पत्रिकेत नवरा-नवरीची नावं शोधून काढावी लागतात, बाकी सगळी जागा भाऊबंदांची. आशीर्वाद देणारे वेगळे, निमंत्रक वेगळे, व्यवस्थापक वेगळे, आणि खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरंसोरं. त्यात एक नाव राहिलं, किंवा धाकट्याचं थोरल्याच्या वर गेलं, की घरात वर्षानुवर्षांचा रुसवा. म्हणून पत्रिका छापायला जाण्याआधी तिचा कच्चा कागद मामाजींच्या टेबलावर यायचा. कोणाचा चुलता कोणाचा मेव्हणा, कोणत्या घरी गेल्या वर्षी कोण वारलं, कोण नुसत्या मानाचा भुकेला आणि कोण मनातून दुखावलेला, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. ते चष्मा लावायचे, पेन उघडायचे आणि "हं, वाच" म्हणायचे.

एकदा मी तिथं असताना नामदेव नावाचा शेतकरी पोरीच्या लग्नाचा कागद घेऊन आला. त्यात त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव नव्हतं. बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. मामाजींनी ते नाव सगळ्यात वर लिहिलं आणि पेन नामदेवापुढं ठेवलं.

"बापू, हे नाई पाहिजे," नामदेव म्हणाला.

"नाई पाहिजे तं खोड. पेन आहे नं तुह्यापाशी."

"तुमीच खोडा नं."

"माह्या भावाचं आहे का बे? मी काऊन खोडू?"

नामदेव पेन घेऊन बसला. बसला तो बसलाच. सासूबाईंनी चहा आणला, तो प्याला. मला शेतीतलं काहीबाही विचारलं. शेवटी पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "राहू द्या मंग. पन मी त्याच्या घरी पत्रिका घेऊन जानार नाई." मामाजी म्हणाले, "नको जाऊ. मी जातो. चाल तू मागून." लग्नात थोरला भाऊ मांडवाच्या दाराशी उभा राहून पाहुण्यांना गंध लावत होता, हे मी स्वतः बघितलं.

म्हणजे मान कसा द्यावा आणि कोणाचा कसा राखावा, हे ज्यांना सगळ्या गावात जास्त कळत होतं, ते हे मामाजी. आणि अशा माणसाला माझ्यासारखा जावई मिळाला.

एका वर्षी दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा गजूनं घरावर नवीन खोली बांधली होती. छान फरशी, दोन खिडक्या. बैठकीत टेबलासमोरच्या दिवाणावर मला झोपायला जागा असायची, कारण तिथला पंखा चांगला. दिवाळीनंतर लग्नं निघतात, त्यामुळं नावं बघायला येणाऱ्यांची रांग लागलेली. करंज्या खाऊन मी जरा डोळा लावावा, की बाकड्यावर कोणाच्या तरी आत्याच्या नवऱ्याचं नाव निघे आणि त्याचं आडनाव काय यावरून वाद सुरू होई. अशाच एका दुपारी, अर्धवट झोपेत, मी अत्यंत प्रेमळ आवाजात म्हणालो, "मामाजी, हे टेबल वरच्या खोलीत असतं तर तुम्हाला किती शांतता मिळाली असती!"

शांतता मला पाहिजे होती, हे काय सांगायला हवं?

मामाजींनी माझ्याकडं बघितलं. मग टेबलाकडं. मग रस्त्याकडं. म्हणाले, "हाव... शांतता तं आहे वर." गजूनं वडिलांकडं बघितलं. झालं. जावयाचा शब्द.

जिना घराच्या आत, स्वयंपाकघराला लागून. मधे एक वळण. आपण नुसतंच बोलत नाही, हातभारही लावतो, हे दाखवायची मला हौस आली आणि मी बाह्या सारून टेबलाला हात घातला. त्यासरशी घरात एकच गोंधळ. जावई टेबल उचलतोय! सासूबाईंनी वरूनच ओरडा केला, त्या गाद्या उन्हात घालायला गच्चीवर गेल्या होत्या. शेजारची माणसं धावली. "भाऊजी, तुमी सोडा!" "पाव्हणे, काऊन लाजवता!" मी सोडेना, ते सोडवेनात, आणि या ओढाताणीत टेबल वळणावर जाऊन जे अडकलं ते वरही जाईना आणि खालीही येईना. सासूबाई वर अडकल्या. गजूची बायको वैशाली खाली. चहाचे कप टेबलाखालून वर सरकवले गेले. कोणी म्हणे उभं करा, कोणी म्हणे आडवं. माझ्या तळहाताला फोड आला आणि तो मी सगळ्यांना दिसेल असा धरून उभा राहिलो.

सुतार आला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, पाय खोलता येणार नाहीत, जुना जोड आहे, चिरेल. खालून चार-चार बोटं कापले तर वळेल. शेजारचा एक जण म्हणाला, "बापू, कापता कायले? खालीच राहू द्या नं, थोडं मागं सरकवून निघते का पाहू." सगळ्यांनी मामाजींकडं बघितलं. मीही बघितलं. त्या क्षणी मी "हो, राहू द्या" म्हणालो असतो तर... पण मी माझ्या फोडाकडं बघत होतो. मामाजी म्हणाले, "नाई. पाव्हणे म्हणतात तं जाऊ दे वर. काप." आणि करवतीचा आवाज सुरू झाला तसे ते उठून ओट्यावर गेले.

टेबल वर गेलं. बुटकं झालं होतं, म्हणून पायांखाली विटा आल्या. नवीन फरशीवर ओरखडे नकोत म्हणून मामाजींनी प्रत्येक वीट वर्तमानपत्रात नीट गुंडाळली, प्रसादाचा पुडा बांधावा तशी. त्या दुपारी मला फार गाढ झोप लागली.

पुढं काय होणार हे कोणालाही कळलं असतं. वर जायचं तर स्वयंपाकघरातून जायचं. तिथं सून चुलीशी. परक्या माणसानं तिथून कसं जावं? माणसं दारात येत, "बापू हो!" अशी हाक मारत. मामाजी "आलो" म्हणून खाली येईपर्यंत ती संकोचून म्हणत, "राहू द्या, मंग येतो." मंग काही ती येत नसत. पत्रिका परस्पर छापखान्यात जायला लागल्या. एका घरच्या पत्रिकेत तुळशीरामआबांच्या नावाआधी 'कै.' छापून आलं. आबा पत्रिका हातात घेऊन स्वतः चालत मामाजींकडं आले आणि म्हणाले, "शेषराव, हे पाह्य बे. मले कोनी सांगतलंच नाई." हा किस्सा सासूबाईंनी सुधाला फोनवर सांगितला आणि सुधानं मला. आम्ही दोघं खूप हसलो. हसून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही म्हणा ना बाबांना, टेबल खाली घ्या म्हणून. आम्ही म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, पाव्हण्यायनं ठेवलं आहे."

म्हणतो म्हणालो. दिवाळीला गेलो की म्हणतो.

पण मी जेव्हा जेव्हा सोनाळ्याला गेलो, तेव्हा मामाजी वरच असायचे. टेबलामागं, स्वच्छ सदरा घालून, चष्मा लावून. "या पाव्हणे," म्हणायचे, "लय हवा येते इथं." मला वाटायचं, रमलेत की. सुधा उगीच काळजी करते. उन्हाळ्यात एकदा गेलो तेव्हा त्यांच्या डोक्यावर ओला पंचा होता. सोनाळ्यात मे महिन्यात स्लॅबखाली बसणं म्हणजे काय, हे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगायला नको. पंचा मी बघितला. बघितला नाही असं म्हणायची सोय नाही. आणि बघून मी काय केलं? गजूला म्हणालो, इथं एक कूलर पाहिजे. संध्याकाळी खालचा कूलर चार माणसांनी उचलून वर नेला आणि सासूबाई त्या रात्री अंगणात झोपल्या. मामाजी म्हणाले, "पाव्हण्यायले माही लय चिंता." मी खूश.

ते गेल्यावर आम्ही पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. पांढऱ्या टोपीतली म्हातारी माणसं येत, बसत, आणि मग त्यांतलं कोणीतरी माझ्याकडं वळून म्हणे, "तुमी अकोल्याचे नं? बापू लय सांगत तुमचं. जवायानं वर खोलीत टेबल लावून देल्ला, कूलर लावून देल्ला. असा जवाई भेटत नाई म्हनत." मी मान खाली घालत असे. त्यांना वाटे, दुःखानं. तुळशीरामआबा तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नशीबवान होता शेषराव." हातावरचा तो फोड कधीच गेला होता, पण ती जागा मला बरोबर सापडली. शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट ऐकल्या असत्या. पण हे कौतुक, आणि तेही रोज नव्या माणसाच्या तोंडून...

तेरवीच्या आदल्या दिवशी ओट्याच्या कोपऱ्यात मला एक फळी दिसली. संत्र्याच्या पेटीची फळी, कडा घासून गुळगुळीत केलेली, वर शाईचे डाग. मी ती बाजूला ठेवायला उचलली तर वैशाली पुढं आली आणि माझ्या हातातून घेऊ लागली. "राहू द्या भाऊजी, ते बाबाचं आहे."

"काय करायचे हे?"

पदराशी चाळा करत ती म्हणाली, "मांडीवर घेऊन लिवत. इथंच, ओट्यावर. लोक इथंच येत नं."

"पण ते तर वर बसायचे."

"तुमचा फोन आला की वर जात, भाऊजी. तुमी गाडीत बसले की खाली येत."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी जितक्या वेळा सोनाळ्याला गेलो होतो, तितक्या वेळा ते स्वच्छ सदरा घालून जिना चढले होते. मला दिसावेत म्हणून. एरवी सगळं वर्ष ते फळी मांडीवर घेऊन ओट्यावर होते, उन्हात सावलीकडं सरकत, पेन हातात धरून. सावरलं होतं त्यांनी आपलं, माझ्या मागं. फक्त माझ्यापुढं ते चढत होते.

"गेल्या खेपेला गुडघा लय दुखून राह्यला होता," वैशाली म्हणाली. "जिन्यात दोनदा बसले. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, भाऊजी काई म्हननार नाईत. तं म्हने, पोरी, त्यायच्या हाताले फोड आला होता टेबल चढवता चढवता. आपलं करनं वाया गेलं असं वाटू नये त्यायले."

डॉक्टर म्हणाले होते, गुडघ्याचा आणि हृदयाचा काही संबंध नाही, वय झालं होतं. सुधाही तेच म्हणते. मीही स्वतःला तेच सांगतो. रोज सांगावं लागतं, एवढंच.

तेरवीची पंगत उठल्यावर घरचे सगळे बैठकीत टेकले होते. चहा आला होता. मी कप हातात घेऊन म्हणालो, "गजू, टेबल खाली घ्यायचं का?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत माणसं उठली होती. "हाव हाव, भाऊजी म्हणतात तं घेऊ!" कप खाली ठेवले गेले, बाह्या सारल्या गेल्या. मी मनाची तयारी केली, आता वळणावर अडकेल, आता आरडाओरडा होईल. कसलं काय! पाय आधीच कापलेले. भिंतीला न घासता, कुठं न अडकता टेबल अलगद वळलं आणि खाली आलं. परत बसलो तेव्हा माझा चहा गरम होता. सासूबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. एवढंच करायचं होतं तर... त्या काही बोलल्या नाहीत. मलाच ऐकू आलं.

दाराशी जुन्या जागेवर फरशीत पायांचे चार ठसे अजून होते. टेबल बरोबर त्यावर बसलं, पण बुटकं. कोणीतरी म्हणालं, विटा आणा. मी उठलो. "भाऊजी, तुमी बसा!" "पाव्हणे, राहू द्या!" या खेपेला मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. वर गेलो. रिकाम्या खोलीत चार विटा होत्या. त्यांच्यावरचं वर्तमानपत्र मला वाटलं पिवळं पडलं असेल. ते ताजं होतं. या वर्षीचं होतं. मी यायच्या आधी मामाजी नवीन कागद घालत असणार... मी विटा खाली आणल्या, दोन खेपांत, छातीशी धरून. खाली कोणी हसलं नाही, कोणी हात पुढं केला नाही.

परवा आम्ही पुन्हा गेलो होतो. या वेळी मी फोन केला नाही. टेबल दाराशी होतं, मागं त्यांची खुर्ची, आणि समोर बाकड्यावर तुळशीरामआबा नातवाच्या लग्नाचा कागद घेऊन बसलेले. "बरं झालं आले पाव्हणे," म्हणाले. "हे पाह्यजा." मी खुर्चीकडं न जाता त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसलो. आशीर्वाद देणाऱ्यांत वरच मामाजींचं नाव होतं. शेषराव... त्याआधी काहीच नव्हतं. गजू हळूच म्हणाला, "आबा, बाबाच्या नावाआधी 'कै.' राह्यलं."

"राह्यलं नाई बे. मीच नाई टाकलं," आबा म्हणाले. "माह्या नावाआधी तं मी जित्ता असून लागलं होतं. त्याच्या नावाआधी एक डाव नाई लागलं तं काय बिघडते?" आणि त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढं सरकवलं. "बाकी पाव्हणे म्हनतीन तसं. टाकायचं तं टाका तुमी."

पेन घेऊन मी बसलो. बसलो तो बसलोच. वैशालीनं चहा आणला, तो प्यालो. रस्त्यानं कोणी कोणी जात होतं, आत बघत होतं, खुर्ची रिकामी दिसली की मान वळवत होतं. सगळे माझ्या शब्दाची वाट बघत होते. मी पेनला टोपण लावलं आणि हिरव्या रेक्झिनवर जिथं ते ठेवत असत तिथं ठेवलं. आबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चप्पल घालता घालता रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाले, "येतो बे, शेषराव."